डावा पंख

बाण सुटला, ठप्पकन आवाज झाला आणि खाटकाकडून आणलेलं गाईच्या खांद्याच्या फऱ्याचं हाड मधोमध उललं. हार्लन शेडच्या दारातून ओरडलाच, "अगं इर्मा, ये, बघ! फाडलं की नाही!"

मागवलेल्या नमुन्यांपैकी पहिल्या पात्याचं टोक मुडपलं होतं. दुसऱ्याची धार हाडावर दुमडली होती. हे तिसरं मात्र आरपार जाऊनसुद्धा तितकंच धारदार होतं, अंगठ्याच्या नखात रुतत होतं. बाणाची पाती घडवणारा गावचा लोहार वारल्यापासून हार्लनची पंचाईत झाली होती, आणि हंगाम तर तोंडावर आलेला. त्याला साधं पातं नको होतं. पटाशीसारखं, एकाच अंगाने घासलेलं हवं होतं. तसलं पातं हाडात फिरत घुसतं आणि हाड पिळून फोडतं. जनावर तिथल्या तिथे पडतं, हाल होत नाहीत. नवशिक्या शिकाऱ्यांच्या वर्गात हार्लन हेच घसा फोडून सांगायचा. जखमी जनावर रानात सोडून घरी येतो तो शिकारी नव्हे, कसाई!

हे बोलताना त्याचा रोख मेव्हण्यावर असायचा, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. मर्ल म्हणजे इर्माचा धाकटा भाऊ. एके काळी दोघं एका ताटात जेवणारे. वसंतात टर्की मारायची आणि पंख वाटून घ्यायचे, डावे हार्लनला, उजवे मर्लला. एका बाणाला दोन्ही बाजूंची पिसं लावून चालत नाही, बाण भरकटतो. आणि पिसं डावी तर पातंही डावं घासलेलं लागतं, नाहीतर हवेत एकीकडे फिरलेला बाण हाडात शिरल्यावर उलटा फिरायला बघतो. म्हणून हार्लनचं सगळं डावं, मर्लचं सगळं उजवं. असं वर्षानुवर्षं चाललं होतं. आता हार्लनची डावी पिसं इर्मा आणून द्यायची, दुकानातून आणली म्हणायची.

एका हरणाच्या नराने सगळा घोटाळा केला. केवढा देखणा होता, शिंगं बघत राहावीत अशी! काही वर्षांपूर्वी, हंगामातल्या एका संध्याकाळी दोघांनीही त्याच्यावर बाण सोडले आणि तो पळाला. हार्लनचा बाण दगडावर वाजला. त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. हिवाळा सरल्यावर ओढ्यापलीकडे नुसता सांगाडा सापडला. फऱ्याच्या हाडाला लांब चीर. म्हणजे मर्लचाच बाण! चारचौघांत हार्लनने त्याला फैलावर घेतलं. मर्लने ते हाड उलटंसुलटं करून पाहिलं, "असेल बाबा माझाच," म्हणाला, आणि धनुष्य खुंटीला टांगलं ते कायमचं. हार्लनने हाड शेडच्या दारावर ठोकलं. तेव्हापासून मर्लने या घरात पाऊल ठेवलं नव्हतं.

इर्मा पिठाचे हात पुसत आली. "मर्ल आज दुपारी निघतोय. लेकीकडे, ॲरिझोनाला. आता काही परत यायचा नाही तो. काकवीचा केक केलाय, निदान तेवढा तरी देऊन ये."

"तू दे. तुझा भाऊ आहे."

"आणि तुझा कुणीच नव्हता वाटतं?"

हार्लनने फुटलेलं हाड तिच्यापुढे धरलं. "हे बघ. चीर सरळ नाही. दोन्ही टोकं कशी डावीकडे पिळलीत! डावं पातं असं काम करतं."

इर्माने हाड पाहिलं. मग दारावरचं पाहिलं. मग पुन्हा हातातलं.

"हार्लन, हे तर अगदी तसंच आहे."

"काहीतरीच काय! सगळी हाडं अशीच फुटतात."

"मग उजवं मारून दाखव."

दुकानदाराने पाठवलेल्या नमुन्यांत एक उजवं पातं चुकून आलं होतं. हार्लनने तावातावाने तेच बाणाला बसवलं, उरलेलं हाड उभं केलं आणि दोरी ओढली. हाड फुटलं. इर्मा आधी जाऊन बघून आली. मग हार्लन गेला. चिरेची टोकं उजवीकडे पिळलेली होती.

तो दारापाशी आला. खिळा उपटून त्याने जुनं हाड काढलं आणि तसाच निघाला. केक घ्यायचंही त्याला सुचलं नाही.

मर्लच्या अंगणात सामानाने भरलेली गाडी उभी होती. मर्ल वर दोर आवळत होता. हार्लनला पाहून त्याने मान हलवली. "या, मास्तर."

हार्लनने हाड पुढे केलं. "तुला माहीत होतं?"

"चीर बघितली तेव्हाच. दगडावर वाजला तो माझा बाण."

"मग बोलला का नाहीस, गाढवा?"

"तू पोरांना शिकवतोस. मास्तराचाच बाण चुकला म्हटल्यावर कोण ऐकणार तुझं? माझं काय, मी कुणाचा मास्तर?" मर्लने गाठ मारली. "आणि वाटलं, कळेल तुझं तुला. रोज तर त्या दारातून जातोस."

हार्लनला रडूच आलं. मेव्हण्याच्या नजरेला नजर देववेना, म्हणून तो मोकळ्या झालेल्या गॅरेजकडे बघत राहिला. आत काही उरलं नव्हतं. फक्त भिंतीवर टर्कीच्या पिसांच्या जुड्या टांगलेल्या होत्या, सुतळीने बांधलेल्या, धूळ खात पडलेल्या. सगळ्यात अलीकडची जुडी तर या वसंतातलीच दिसत होती. हार्लनने जवळ जाऊन एकेक चाळली. सगळी उजव्या पंखाची.

"धनुष्य तर टाकलंस," त्याने कसंबसं विचारलं. "मग दर साली बंदुकीने टर्की कशाला मारत होतास?"

मर्लने दोराची दुसरी गाठ आवळली.

"तुला डावी लागतात ना," तो म्हणाला.