केरूची कुंची

तुळसाचं पहिलं मूल देवीनं नेलं होतं, म्हणून दुसऱ्याला ती जिवापाड जपत होती. केळशीत पुन्हा देवीची साथ आली. टोचणारा डॉक्टर दारात येताच ती बाळाला पदराखाली घेऊन मागल्या दारानं आगरात पळाली. सुई टोचून घेऊन देवीला आपणहून घरात बोलावण्याइतकी ती खुळी नव्हती.

तिला खात्रीचा उपाय ठाऊक होता. जगल्या-वाचल्या मुलाचं जुनं कापड तान्ह्याला घालायचं, म्हणजे त्याचं आयुष्य यालाही लागतं. आणि शेजारच्या सोनूबाईचा केरू तर देवीतूनच नुकता उठला होता.

"काकी, केरूची कुंची माझ्या बाळाला द्याल काय?"

"ने गो बाय. पण पाण्यात घालू नको हां. सगळ्या दुखण्यात तो तिच्यातच होता, देवीआईचा हात फिरलाय तिच्यावरनं."

कुंचीच्या अस्तराला खपल्या चिकटल्या होत्या. तुळसानं ती तशीच कपाळाला लावली आणि बाळाला घातली.

पंधरवडा गेला नि बाळ तापानं फणफणलं. मग तोंडावर, हातांवर फोड दिसायला लागले.



तुळसानं घाईघाईनं कुंचीचे बंद आणखी घट्ट आवळले.