पहिला अलर्ट

ऑफिसात टाळ्या थांबेनात. वेबसाइटवर किती लोक आले हे मोजणारे टॅग सहा वर्षं मी रोज एकेक पान उघडून तपासले, तेव्हा कोणी वाजवल्या नव्हत्या. आणि काल आलेल्या शाल्मलीनं क्लाउडवर सिस्टीम बांधली, ती म्हणे हरवलेला टॅग मिनिटात पकडते!

सगळे तिची आंबाबर्फी खायला उठले. मी गुपचूप एका पानावरचा टॅग काढला. पकड म्हणावं आता!

लगेच माझा फोन वाजला. ‘टॅग काढला गेला.’ खाली पान, वेळ आणि माझं नाव. हे कोणाकोणाला गेलं असेल?

शाल्मली शेवटची वडी घेऊन आली. “ताई, ही तुमच्यासाठी राखून ठेवली. आणि अलर्ट फक्त तुम्हालाच येतील हं. टॅगमधलं तुमच्याइतकं कोणाला कळतं?”