पोटमाळ्याला रजया

पोलीस आले, त्वाननं दार उघडलं आणि त्यांना आत बसवून कॉफी दिली. पण हे अजून घडलेलंच नाही असं समजा. नोव्हेंबरपासून त्वानही हे कधी घडणारच नाही असं समजून चालला होता.

तो पोटमाळ्यावर उभा राहून, तोंडात खिळे धरून, छपराला आतून रजई ठोकत होता. त्याची बायको लीक सात महिन्यांचं पोट सांभाळत जिन्याच्या मधल्या पायरीवर बसली होती.

"अजून एक? छपराला सर्दी झालीये का?"

"बर्फ पडला की कळेल," त्वान खिळ्यांच्या फटीतून म्हणाला.

"चार वर्षांत धड बर्फ पडलाय का ब्राबांटमध्ये?"

"म्हणूनच. आता पडायचा राहिलाय."

ब्राबांट प्रांतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पोटमाळ्यावर गांजा लावला की दिवा तापतो, दिव्यानं छप्पर तापतं, आणि बर्फ पडला की तो वितळून रांगेतलं तेवढंच छप्पर उघडं पडतं. पोलिसांना कुत्रा लागत नाही. ते नुसती मान वर करतात.

मेरेल गल्लीत एका लांब छपराखाली नऊ घरं होती. त्यातलं हे घर आठ वर्षं नंबर लावून मिळालेलं, गृहनिर्माण संस्थेचं, भाड्याचं. करारात स्वच्छ लिहिलं होतं : गांजाचा एक दिवा सापडला तरी किल्ल्या परत. किल्ल्या परत म्हणजे पुन्हा लीकच्या आईकडे, तिच्या टीव्हीच्या खोलीत, टीव्ही चालू असताना. आता बाळासकट.

"मग लावतोसच कशाला?" असं लीकनं एकदाच विचारलं होतं. त्वाननं काचघरात टोमॅटो वाढवण्यात उमेदीची वर्षं घालवली होती आणि काचघर उन्हाळ्यात बंद पडलं होतं. "हात गप्प बसत नाहीत," तो म्हणाला. लीकनं जिरेनियमची फुलझाडं सुचवली. त्यावर तो दोन दिवस तिच्याशी बोलला नव्हता.

तर रोपं वाढवायचा काळा तंबू आला, दिवा आला, माती आली, चार रोपं आली. पंखा तेवढा राहिला. तो मागायला त्वान डावीकडच्या स्येफकाकांकडे गेला.

"बाथरूमला हवाय. ओल फार येते."

"ओल ना, मेली पाठच सोडत नाही," स्येफकाका म्हणाले. बाथरूम केवढं आहे हे त्यांनी विचारलं नाही. आतून एक पंखा आणला, चांगला घागरीएवढा. "घे. जास्तीचाच पडलाय. आवाज करत नाही, तेवढं बघून घेतलं होतं मी."

रजया उजवीकडच्या रीट मावशींनी दिल्या. सत्तरीच्या बाई, डिसेंबरात बिनबाह्यांच्या ब्लाउजवर परसात उभ्या.

"सगळ्या ने रे बाबा. आमच्याकडे पांघरूण लागतंय कुणाला?"

"मावशी, हीटर कितीवर ठेवता?"

"हीटर? बंदच असतो की. रक्तच गरम आहे आमचं. तुम्ही आजकालची पोरं म्हणजे अगदीच गारठलेली."

गल्लीला वासांचीही हौस होती. एका दारातून व्हॅनिलाच्या मेणबत्त्यांचा वास, पुढच्या दारातून लॅव्हेंडरचा, त्याच्यापुढे रोज कांदा तळल्याचा. त्वानला ते सोयीचंच होतं. तरी त्याला खरी धास्ती पोलिसांची नव्हती, या माणसांची होती.

"इतकी सरळ माणसं," तो लीकला म्हणाला. "कुणकुण लागली तर बिचारी नाइलाजानं फोन करतील."

जानेवारीत रीट मावशींचा वाढदिवस झाला. सगळी गल्ली गोल करून खुर्च्यांवर बसली, प्रत्येकाच्या मांडीवर केकची बशी. बोलायला काही तरी हवं म्हणून त्वान म्हणाला, "उद्या बर्फ आहे म्हणे."

चमचे थांबले.

"बर्फ?" स्येफकाकांनी विचारलं. "किती?"

"दहा सेंटिमीटर."

स्येफकाकांनी बशी खाली ठेवून खिडकीतून छपराकडे पाहिलं.

"रस्ते निसरडे होतील," रीट मावशी म्हणाल्या. मग सगळ्यांनीच मान डोलावली. रस्ते निसरडे होणार, यावर एकमत झालं, आणि केक तसाच टाकून एकेक जण घाईनं घरी गेला.

सकाळी त्वान अनवाणीच माळ्यावर धावला. छपरातली काचेची खिडकी काळोखी झाली होती. त्यानं खालून बोटानं टकटक केलं. आवाज गादीवर मारल्यासारखा आला.

"बर्फ बसलाय!" तो वरूनच ओरडला. "लीक, बसलाय! हलत नाहीये!"

खाली येऊन त्यानं लीकच्या पोटाचा मुका घेतला. बाहेर जाऊन बघायचीही गरज त्याला वाटली नाही. तेवढ्यात बेल वाजली.

दारात वस्तीच्या पोलीसबाई मार्लूस होत्या. सोबत एक कोवळा शिपाई, बुटांवरचा बर्फ झाडत.

"आत येऊ ना? तुमच्या छपराबद्दल बोलायचंय."

त्वाननं त्यांना आत बसवलं. लीकनं कॉफी ठेवली. बिस्किटांचा डबा उघडला, प्रत्येकाला एकेक दिलं आणि डबा बंद केला. झाकण बसायला तीन प्रयत्न लागले.

"माझ्या बायकोचा यात काही संबंध नाही," त्वाननं सुरुवात केली.

"आधी माझं होऊ द्या," मार्लूसबाई म्हणाल्या. त्यांनी कप खाली ठेवला, पाठ ताठ केली आणि हातात कागद नसताना वाचून दाखवल्यासारखं बोलायला लागल्या. "आज सकाळी पाहणी केली असता, या रांगेतील नऊपैकी आठ घरांची छपरं कोरडी ठणठणीत आढळून आली. बर्फ फक्त आपल्याच छपरावर आहे. सबब, गल्लीतील एकमेव निर्दोष कुटुंब या नात्यानं, शेजाऱ्यांविरुद्ध पुरावा गोळा करण्यासाठी आपण आपला पोटमाळा आजपासून सहा आठवडे पोलीस खात्याच्या ताब्यात द्यावा, ही नम्र विनंती."