सरपंचांची वायर

निवडणूक जवळ आली तशी आमच्या सरपंचांनी माडीवर व्हीसीआर मांडला आणि खालच्या वस्तीतल्या चाळीस घरांना फुकट वायर दिली. दिवसभर त्यांचीच भाषणं, दुसरं काही नाही.

"अडाणी लोकं. दाखवू ते बघतील," सरपंच म्हणायचे. वायर गड्यांनी ओढली. गड्यांना काही विचारायची सरपंचांना सवय नव्हती, आणि वस्तीत ते स्वतः कधी फिरकले नव्हते.

महिन्यानं मतं मागायला मात्र गेले. लंकाबाईच्या दारात थांबून म्हणाले, "काय लंकाबाई, रोज दिसतो ना मी?"

लंकाबाई ओली गोधडी पिळत म्हणाली, "वायर लई दनकट हाय, सरपंच. चार गोधड्या वाळत टाकल्या तरी तुटंना. आता येक टीव्ही बी धाडा. वस्तीत कुनाकडंच न्हाई."