भिंतीला टेकून

लीड्समधल्या आपल्या जुन्या विटांच्या घरासमोर श्रीरंग घर घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला, मिसेस हॉलोवेंना, घेऊन उभा होता. आता कायद्याने प्रत्येक घराला तो नवा रंग लावावाच लागे. आतली ऊब जिथून बाहेर झिरपेल तिथे भिंत तांबडी व्हायची, एरवी निळी राहायची. भाव यायचा तो निळ्या घराला.

म्हणून तर श्रीरंगने कालपासून हीटर बंद ठेवला होता. वडिलांना, तात्यांना, त्याने हीटर बिघडल्याचं सांगितलं होतं.

"इतकं जुनं घर आणि एवढं निळंशार!" मिसेस हॉलोवे खूश झाल्या. मग त्यांनी बोट दाखवलं. "पण ते काय आहे?"

खिडकीशेजारी, अगदी खाली, भिंतीवर एक तांबूस आकृती उमटली होती. डोकं, खांदे, वाकलेली पाठ. घरात दोन सोफे असूनही तात्या नेहमीसारखे सतरंजी टाकून भिंतीला टेकून बसले होते.

"गरम पाण्याचा पाइप असेल," श्रीरंग म्हणाला, आणि त्याचे कान तापले.

बघता बघता ती आकृती फिकट झाली, निळ्यात विरून गेली. खिडकी वर सरकली. कानटोपी घातलेले, शालीत गुरफटलेले तात्या बाहेर डोकावले.

"श्री, या बाईंनी 'ते काय' म्हणून विचारलेलं ऐकलं, तेव्हा आलं माझ्या लक्षात. मी सरकून बसलोय रे. झालं का निळं?"

बोलताना त्यांच्या तोंडातून वाफ निघत होती.