ताजा मासा

सासूबाई वेंगुर्ल्याहून जपानला, ग्योतोकुला आमच्याकडे आल्यापासून मी रोज काहीतरी नवं करत होते. तिसऱ्यांचं सुकं, भरली माकुलं, कोलंबीभात. सत्यजित सगळं खायचा आणि म्हणायचा, "छान झालंय, पण आईच्या हातचं..."

काल सासूबाईंनीच कालवण केलं. सत्यजितने बोटं चाटली. "ताजा मासा ओळखता यायला हवा, नेत्रा. आईकडून शिकून घे."

मी स्वयंपाकघरात जाऊन विचारलं, "आई, मासे कुठून आणलेत?"

"आणतेय कुठून? फ्रीझरमधल्या पिशवीत माशांची डोकी नि कोलंबीची सालं होती ना, तीच घातली."

ती पिशवी मी घरात वास सुटू नये म्हणून मंगळवारच्या कचरागाडीपर्यंत गोठवून ठेवली होती.

 

बाहेर आले आणि सत्यजितला आग्रहाने आणखी एक वाटी वाढली.