घरचं रफू

लेक तपासणीच्या टेबलावरून उतरून शेजारच्या खाटेवर आडवी झाली आणि तिला एकदम रडू कोसळलं. तसं दुखलं फारसं नव्हतं. पाळीत येते तशी एक कळ आली आणि ओसरली, संपलं. मग हे रडू कुठून आलं, ते तिचं तिलाच कळेना.

"येऊ दे," सिस्टर म्हणाल्या. "इथे कितीतरी जणींना येतं. मघापासून जीव मुठीत धरून होतीस, तो आता सैल पडला." त्यांनी तिच्या पायांवर चादर ओढली, हातात पॅड दिलं आणि नीट समजावलं. थोडे दिवस लालसर, काळपट काहीतरी जाईल, घाबरायचं नाही. जड उचलायचं नाही. नवऱ्याला म्हणावं, जरा दम धर. पण भडाभडा रक्त गेलं किंवा ताप आला, तर तडक इकडे यायचं. एवढं बोलून त्यांनी बाहेर बसलेल्या आईला आत पाठवलं.

आई रफूवाली. बाजारात जिन्याखाली तिचं दुकान, आणि एक वेळ सुई थांबेल पण तिचं तोंड थांबायचं नाही. आत आली तीही बोलतच. "झालं का? आणि एवढंसं तोंड करून काय पडलीयस? काय केलं त्यांनी?"

"पिशवीच्या तोंडाचा तुकडा घेतला. तपासायला."

"पिशवीचं तोंडच आधी विरतं. शिवणाऱ्याला विचार." आईने स्टूल ओढलं.

"आई, मी ते बघितलं. तिथे पडद्यावर मोठं करून दाखवतात. डॉक्टरबाईंनी विचारलं, बघायचंय का. आधी नको म्हटलं, मग राहवेना." लेकीने अंगठा आणि बोट जुळवून गोल केला. "एवढंसं असतं गं. गुलाबी, गुळगुळीत, मधे बारीक फट. आणि त्यातून आपला सोन्या आला. मला वाटायचं, तिथे सगळं घाणेरडंच असणार. आई, ते इतकं सुंदर होतं, मी बघतच राहिले."

यावर आई काहीतरी वाकडं बोलणार, म्हणून लेक वाट बघत राहिली. आई मांडीवरच्या पर्सचा बंद बोटाला गुंडाळत होती.

"दुखतं का फार?"

"नाही. का गं?"

"माझंही जातंय मधूनमधून," आई बंदाकडे बघत म्हणाली. "लाल. पाळी जाऊन इतकी वर्षं झाली, आणि हे आपलं चालूच. सोन्या शाळेत जायला लागला तेव्हापासून."

सोन्या आता दुसरीत होता. "गल्लीत कुणाच्या घरी काय शिजतंय ते सगळं सांगतेस, आणि हे नाही सांगितलंस?"

"तोंड उघडायची भीती वाटली."

लेकीच्या जिभेवर बरंच काही आलं होतं. आईचं बोट बंद आवळून पांढरं पडलं होतं ते तिने पाहिलं आणि सगळं गिळलं. "सिस्टर," तिने हाक मारली, "जरा डॉक्टरबाईंना विचारता का, अजून एक जण बघतील का म्हणून?"

डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि लगेच बघते म्हणाल्या. "हिला बाहेर पाठवू नका," आई टेबलावर चढता चढता म्हणाली. मग लेक उशाशी उभी राहिली. आई छताला पंखा किती वाकडा बसवलाय, यावर बोलत सुटली. औषधाचा कापूस लागला, व्हिनेगरसारखा वास आला, तरी तिचं पंखापुराण चालूच होतं.

डॉक्टरबाई पडद्याकडे निरखून बघत होत्या. "इथे एक जागा पांढरी दिसतेय. मला ती आवडलेली नाही. काय आहे ते तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. तुकडा घ्यावा लागेल."

आई आक्रसली. "नको. तिथे कापाकापी नको. गोळी असेल ती द्या." तिने उठायला हातही टेकला.

डॉक्टरबाईंनी घाई केली नाही. "बरं, बाळंतपणं किती झाली?"

"ही एकच. का?"

"ही कडेची रेघ बघा. जुनी खूण आहे. त्या वेळी इथे फाटलं होतं."

लेकीने मान वर करून पडद्याकडे बघितलं. आईचं लेकीच्यासारखं गुलाबी नव्हतं. फिकट होतं, थकलेलं. कडेला एक पांढरी रेघ आत वळून गेली होती. आपण या एवढ्याशा दारातून आलो, आणि येताना ते फाडून आलो. कुठल्या देवळात जुळले नव्हते तसे तिचे हात नकळत जुळले.

"माझ्यामुळे?" तिने हळूच विचारलं.

"नाही, शेजारणीमुळे," आई म्हणाली. पण तीही आता पडद्याकडे वळली होती. कापड उजेडात धरून बघते तसे तिने डोळे बारीक केले. "टाके कुणी घातले? हात बरा आहे."

"टाके दिसतच नाहीत. तेव्हा कुणाला कळलंही नसेल. आपोआप भरून आलं."

"आपोआप," आई म्हणाली, आणि तिचं तोंड नुसतंच उघडं राहिलं. पंखा, गल्ली, काही म्हणजे काही तिला सुचेना.

मग आईने टेकलेला हात उचलला, चाचपडत लेकीचा हात शोधला आणि पुन्हा उशीवर डोकं टेकलं.

"घ्या तुकडा," ती डॉक्टरबाईंना म्हणाली. "रफू घरचंच आहे."